पाऊणकी अधिक तीन

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं नि माझं कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही दिवाळीनंतरचे महिने आम्ही गावात नसायचो. ही वही माझ्या लेकीची, वर्षाची, सहावीतली. मागची बावीस पानं कोरी राहिली होती. रद्दीत घालायला मन होईना म्हणून त्यांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. तरी कोऱ्या कागदापुढे बसलं की समोर कुणी तपासायला बसलंय असं वाटतं.

परीक्षेचे दिवस आहेत. मखमलाबादकडच्या आमच्या गल्लीत या दिवसांत घराघरातून पाठांतराचा आवाज येतो. एका घरात संस्कृत, एका घरात पाढे, आणि आमच्या घरात भूगोल. परवा संध्याकाळी मी रामनवमीच्या ऑर्डरचे झेंडू ओवत होते. वर्षा भिंतीला टेकून मोठ्यानं वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, "भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते."

माझी सुई झेंडूत अर्धी राहिली.

"परत वाच."

"काय?"

"ते पन्नास मिनिटांचं."

तिनं वाचलं, आणि विचारलं, "तुला काय करायचंय गं आई?"

"आमच्या हिशेबात पंचेचाळीस होती," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. पालकसभेत मी मागच्या बाकावर बसते आणि बाईंनी काही विचारलं तर नुसती मान हलवते, हे तिला ठाऊक आहे. ती आई भूगोलाच्या पुस्तकाची चूक काढतेय असं तिला वाटलं असेल. पण चूक पुस्तकाची नव्हती. माझीच होती, रोजची पाच मिनिटांची. अठ्ठावीस वर्षं ती मला सापडत नव्हती, आणि परवा झेंडूच्या ढिगाशेजारी सापडली. मला इतका आनंद झाला की मी उठून उगाच चहा टाकला.

आमचं गाव सुरगाण्याकडं, डोंगरात. भात आणि नागली निघाली की बा, आई आणि मी ट्रकमध्ये बसून खाली समुद्राकडं जायचो, मिठागरावर. मी सात वर्षांची असताना पहिल्यांदा समुद्र बघायला गेले, तेव्हा तो जागेवर नव्हता. पालघरकडची ती खाडी. सकाळी आम्ही ट्रकमधून उतरलो तर समोर नुसता चिखल, त्यात आडव्या पडलेल्या होड्या आणि लांबवर एक चकचकीत रेघ. बा म्हणाला, "आटला वाटतं. या साली पाऊसच कमी झाला." आम्ही चुलीसाठी दगड मांडले, भाकरी खाल्ली, आणि मान वर केली तर होड्या तरंगत होत्या. आवाज नाही, पाऊस नाही, काही नाही. आई भांडी घासायची थांबली. म्हणाली, "कोणी सोडलं हे पाणी?"

मला आईचा तो प्रश्न अजून आवडतो. आमच्याकडं पाणी एकाच दिशेनं जातं, खाली. इथं नाशकातही गोदावरी पायऱ्या चढते ती वर धरणातून सोडलं म्हणून. भोंगा वाजतो, लोक पुलावर बघायला जातात, सोडणारा कुणीतरी असतो. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा सोडणारं आणि दोनदा ओढून घेणारं कोण, हे विचारायला मला कुणी सापडत नव्हतं. विचारायचं धाडसही नव्हतं.

शेवटी न विचारताच उत्तर मिळालं. मिठागराच्या नाक्यावर काशीबाय सुके बोंबील विकायची. मी तिच्यासमोर नुसती उभी राहायची, विकत काही घ्यायची नाही. एकदा ती म्हणाली, "पाण्याकडं काय बघतेस, चंद्राकडं बघ. त्याचं काम हाय ते. शाळा शिकलीस का?" मी चार बोटं दाखवली. "पाऊणकी येते?"

पाऊणकी मला येत होती. आमचे गुरुजी जुन्या वळणाचे. पावकी, निमकी, पाऊणकी सगळं घोकून घ्यायचे. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. काशीबायनं तिथली युक्ती सांगितली. आज तिथी कोणती ते बघायचं आणि तिची पाऊणकी म्हणायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पाणी पुरं भरणार. अष्टमीला सहा. अमावास्येला नि पुनवेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवसापासून परत एकपासून.

मी दुसऱ्या दिवशी खाडीवर जाऊन बसले. पंचमी होती. पाच पाऊण पावणेचार. आणि पावणेचारच्या सुमाराला, बाच्या घड्याळात, पाणी काठाशी येऊन थांबलं. एवढा मोठा समुद्र, आणि तो माझ्या चौथीच्या पाढ्यानं चालत होता. पुढची सात-आठ वर्षं मी मनातल्या मनात त्याला रोज वेळ सांगत होते. कुणाला बोलले नाही.

मग तो हंगाम आला.

मी सतरा वर्षांची. त्या वर्षी बानं आमच्या रघू मुकादमाकडून उचल घेतली होती, घरावर कौलं घालायला. उचल म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, ते हंगाम संपेपर्यंत मिठात फेडायचे. नाही फिटले तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाचा. आणि पुढच्या वर्षी आम्हाला जायचं नव्हतं. मामानं नाशिकला फुलशेतीत बारमाही काम बघून ठेवलं होतं, राहायला खोलीसह. आई झोपताना त्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला असेल असं विचारायची. उचल फिटली तर खिडकी, नाही फिटली तर परत मिठागर, एवढा साधा हिशेब होता.

त्या साली मुकादमानं पालघर सोडून आम्हाला पार वर नेलं, गुजरातेत, खंभातच्या आखाताच्या कडेला. तिथला समुद्र बघून माझं तोंड उघडंच राहिलं. ओहोटीला चिखल नजरेपलीकडं जायचा, आणि भरतीला पाणी एकावर एक दोन घरं बुडतील इतकं चढायचं. मिठागराच्या बांधात एक दार होतं, लाकडी फळ्यांचं. खाडीला उधाण आलं की फळ्या काढून मोठ्या तळ्यात पाणी घ्यायचं, पाणी शिगेला पोचलं की फळ्या बसवायच्या. मग ते पाणी वाफ्यावाफ्यांतून उन्हात आटवत न्यायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ. उधाण पंधरवड्यातून एकदाच, अमावास्या-पुनवेला. मधल्या दिवसांतलं पाणी दारापर्यंत चढायचंच नाही.

दाराचा राखणदार भगुकाका, तिथलाच. तो सांगायचा, "इथलं पाणी चालत नाय येत, धावत येतं. घोडा बघा घोडा." महाशिवरात्रीला त्याची बायको आजारी पडली आणि तो गावी निघाला. जाताना एवढंच बोलला, "अमासला पाणी घेऊन टाका, मी रंगपंचमीनंतर येतो." किती वाजता ते त्यानं सांगितलं नाही. मुकादमाला वाटलं मजुरांना ठाऊक असेल, मजुरांना वाटलं मुकादमाला.

अमावास्येला सकाळी सगळे बांधावर उभे. मुकादम म्हणाला, "बोला, किती वाजता?" मी आईचा पदर ओढला आणि तिच्या कानात सांगितलं. आई मोठ्यानं म्हणाली, "हिरी म्हणती सव्वाअकरा."

"हिरी म्हणती? हिला तोंड हाय का?" मुकादम हसला. बा म्हणाला, "तिकडं पालघरला बरोबर यायचं तिचं. मी ताडून बघितलंय." मला पहिल्यांदा कळलं की मी कुणाला सांगितलं नसलं तरी बाला माहीत होतं.

अकरा वाजता खाडी कोरडी होती. मुकादम म्हणाला, पाणी घोड्यासारखं येतं ना, मग येईल. आधी फळ्या काढून ठेवा, ओल्या फुगलेल्या फळ्यांना वेळ लागतो. तीन फळ्या निघाल्या, चौथी निघाली, आणि पाणी आलं. बाहेरून नाही, आतून. तळ्यात साठवलेलं सगळं पाणी कोरड्या खाडीत धावलं. बा आणि आमच्या टोळीतला जानूदादा फळी परत बसवायला गेले तर पाण्यानं फळी हातातून हिसकावली. दाराशेजारचा मातीचा बांध डोळ्यांसमोर विरघळला, बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. तीन वाजून गेल्यावर खरी भरती आली, भगदाडातून आत शिरली, आणि संध्याकाळी उरलंसुरलं घेऊन गेली. तळ्यात बेडकापुरतं पाणी राहिलं नाही.

मुकादमानं बांधाचा खर्च आमच्या खात्यावर टाकला. मला म्हणाला, "काय मास्तरीणबाई, आता कधी बुडवायचं, मुहूर्त काढा." बा वाहून गेलेल्या फळ्या एकेक करून चिखलातून ओढून आणत होता. ते जास्त लागलं.

वर्षाला हे सांगत होते तेव्हा ती मध्येच म्हणाली, "पण पाढा बरोबर होता ना? मग?"

पाढा बरोबरच होता, जागा चुकली होती. हे कळलं ते बामुळे. उधाण ओसरलं तसं खाडीचं पाणी दाराला शिवेना, आणि आम्हाला बांध भरायला कोरडी जागा मिळाली. ज्या समुद्रानं बांध नेला त्यानंच आठवडाभर लांब राहून तो बांधायला दिला. अष्टमीच्या आसपास तर पाणी इतकं मंद, की येतंय का जातंय ते समजू नये. पाट्या वाहता वाहता मी म्हटलं, "बा, इथला समुद्र खोटा हाय का?"

बानं पाटी खाली ठेवली. "पाटाच्या पाण्याला आपण द्राक्षाच्या बागेत जायचो, आठवतं? हेडला पाणी कधी यायचं?"

"सकाळी."

"आणि टेलला?"

हेड म्हणजे पाटाचं तोंड, टेल म्हणजे शेवटचं टोक. टेलला दुपार व्हायची. पाणी तेच, सोडलेलं एकाच वेळी, पण टोकाला पोचायला वेळ लागणारच. बा म्हणाला, "पालघर हेड असंल. आपण टेलला आलोय, पोरी."

मी पाटी तशीच टाकून खाडीकडं पळाले. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून काठावर खुंट्या ठोकल्या. मुकादमाला वेळ विचारायची लाज, म्हणून बाचं घड्याळ मनगटात सैल असूनही घालून फिरले. रोज पाढ्याची वेळ आणि पाण्याची वेळ ताडून बघायची. पाढ्यापेक्षा तीन तास उशीर. दुसऱ्या दिवशी तीन. कधी थोडे वर, पण तीनच्या खाली कधी नाही. पाऊणकी अधिक तीन. मला नाचावंसं वाटत होतं आणि हातात चिखलाची पाटी होती.

आणि पाणी इथंच एवढं उंच का? तेही मला परवा नीट दाखवता आलं. मी परातीत पाणी घेतलं, आत पोळपाट आणि एक फळी उभी करून पुढं निमुळतं होत जाणारं तोंड केलं, आणि रुंद बाजूनं तळहातानं पाणी ढकललं. रुंद बाजूला पाणी बोटभरही उचललं नाही. निमुळत्या टोकाला ते उडी मारून बाहेर पडलं, थेट भूगोलाच्या पुस्तकावर. वर्षा ओरडली आणि मग हसत सुटली. आखात तसंच आहे, समुद्राकडं रुंद आणि आत चिंचोळं. पाण्याला बाजूला जायला जागा नाही, मग ते वर जातं.

पुस्तक वाळवता वाळवता तिनं मला पुढचं वाचून दाखवलं. अमावास्येला आणि पुनवेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ मिळते म्हणून उधाण. अष्टमीला दोघं काटकोनात, एकाची ओढ दुसरा कमी करतो. बाईंनी तर वर्गात सांगितलं, चंद्र दर वर्षी दोन बोटं लांब जातो आहे. फार फार पूर्वी तो जवळ होता, तेव्हाची उधाणं मोठी असणार. वर्षा म्हणाली, "म्हणजे भरतीपण हळूहळू म्हातारी होतेय." मी खिडकीतून बघितलं. झेंडूच्या शेतावर चंद्र होता, अर्ध्याहून थोडा कमी. आत्ता त्या आखातात पाणी मंद असेल, खुंट्यांच्या खूप खाली. इथं नाशकात बसून मला ते कळतं, ही गंमत मी कधी कुणाला सांगितली नव्हती.

शिमग्याला आमचे सगळे लोक गावी जातात. डोंगरात याच्याइतका मोठा सण नाही. त्या वर्षीही ट्रक भरून गेला. उचल बाकी असलेले राहिले, म्हणजे आम्ही तिघं आणि जानूदादा-वहिनी. मुकादम म्हणाला, "भगुकाका आल्यावर पाणी घेऊ." रंगपंचमीनंतर उधाण उतरलेलं असणार. पुढचं उधाण अमावास्येला, तोवर तळं रिकामं, वाफे रिकामे, आमची उचल तशीच. बा माझ्याकडं बघत होता. आईचा पदर ओढायचा नाही असं मी ठरवलं.

"धुळवडीला घेऊ," मी म्हटलं. "पावणेचारला पाणी शिगेला येतं. पालघरला पुनवेपेक्षा दुसऱ्या दिवशीचं पाणी मोठं असायचं, आणि इथल्या वेळेच्या मी खुंट्या मारल्यात."

"तुझ्या खुंट्या!" मुकादम म्हणाला. "आज तेरस. सांग, आज किती वाजता?"

तेरा पाऊण पावणेदहा, अधिक तीन. "पावणेएक."

पाणी शिगेला आलं दीड वाजता. मुकादम पाऊण तास घड्याळ माझ्या नाकासमोर धरून उभा होता. हा पाऊण तास कुठून आला ते मला समजेना. बा म्हणाला, "मुकादम, मागल्या वेळी चार तास चुकलं होतं. आता पाऊण तास. तुम्हाला तर तेबी सांगता येत नाय." मुकादम वैतागून म्हणाला, "घ्या मग. पण बांध गेला तर पुढची दोन वर्षं माझ्याकडं."

धुळवडीला सकाळी, खाडी कोरडी असतानाच, आम्ही दार पुरं उघडलं. तळं रिकामं होतं, जायला काही नव्हतं. दोनच्या पुढं लांबून आवाज आला, वाळक्या पानांवरून कुणी चालत यावं तसा. मग चिखलावरून पांढरी कड धावत आली. पाणी दारातून आत घुसलं, नव्या बांधाची माती भुरभुरायला लागली. तीनला मुकादम ओरडला, "बस झालं, लावा फळ्या."

"नाय," मी म्हटलं. "या धारेत फळी राहणार नाय. पावणेचार."

पावणेचार वाजले. पाणी चढतच होतं. बा आणि जानूदादा फळी धरून कमरेइतक्या पाण्यात, वहिनी बांधावर माती थापत होती. मी कुणाकडं बघितलं नाही. आईनं रंगासाठी गावाहून पळसाची वाळकी फुलं आणली होती. मी त्यातलं एक दारासमोर टाकलं. ते आत वाहून गेलं. दुसरं टाकलं, तेही गेलं, पण सावकाश. तिसरं दाराच्या तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. आत नाही, बाहेर नाही. केशरी फूल, जागच्या जागी.

"आता," मी म्हटलं.

फळ्या खाचेत बसल्या, एकामागून एक, दप् दप् आवाज करत. बाच्या घड्याळात पावणेचार होऊन पाच मिनिटं झाली होती. तळं बांधाच्या काठापर्यंत भरलं होतं. आईनं उरलेली फुलं पाण्यात कुस्करून माझ्या तोंडाला फासली आणि मुकादमाच्याही.

ती पाच मिनिटं, आणि तेरशीचा पाऊण तास. परवा मी वर्षाच्या वहीवर मांडून पाहिलं. रोज पाच मिनिटं चुकत गेली तर धुळवडीला, मोजणी नव्यानं सुरू होते तेव्हा, चूक पाचाची. तेरशीला तेरा पाचे पासष्ट. त्यातली वीसेक मिनिटं माझ्या हिशेबात जास्त येतात, ती कुठं गेली ते वर्षा बाईंना विचारणार आहे. मी म्हटलं, मीच येते विचारायला. ती म्हणाली, "तू? बोलशील?"

त्या तळ्याच्या पाण्याचं मीठ वैशाखात निघालं. चांगलं टपोरं, पायाला टोचणारं. मेच्या शेवटी मुकादमानं हिशेबाची वही उघडली. कौलांची उचल, बांधाचा खर्च, किराणा, सगळं वाचलं आणि समोर मिठाच्या पाट्या मांडल्या. बानं त्याला दोनदा मोजायला लावलं. मुकादमानं आमच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर साठ रुपये बाच्या हातावर ठेवले. "फिटलं सगळं. मास्तरीणबाईला पुढच्या वर्षी ठेवून जा, दारावर."

"नाय," बा म्हणाला. "आम्ही टेलला लय राहिलो." त्यानं ते साठ रुपये माझ्या हातात दिले, आणि आई ट्रकमध्ये चढताना परत विचारत होती, खिडकी कोणत्या बाजूला असेल.